अंगावर काढलेली दुखणी

वृद्धांचा प्रश्न म्हटला की आपल्याकडील चर्चा दोन टोकांना जाते. एका टोकाला वृद्धाश्रम, कृतघ्न मुले आणि एकाकी आईबाप यांची करुण चित्रे. दुसऱ्या टोकाला निवृत्तिवेतन, ठेवींवरील व्याज आणि मार्च २०२० मध्ये बंद झालेली रेल्वेची सवलत यांचा हिशेब. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु बहुसंख्य वृद्ध वृद्धाश्रमात राहत नाहीत आणि बहुसंख्यांना निवृत्तिवेतनही नाही. ते घरीच असतात. मुलासुनांच्या संसारात, किंवा मुले परगावी गेल्यावर मागे उरलेल्या दोन खोल्यांत. त्यांचा दिवस कसा जातो, याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते असे द्यावे लागेल की, त्यांपैकी कितीतरी जणांचा दिवस दुखण्याभोवती फिरतो. सकाळी अंथरुणावरून उठताना गुडघे साथ देत नाहीत, न्हाणीघरात उकिडवे बसवत नाही, जिना उतरायचा तर परत चढण्याची धास्ती वाटते आणि रात्री कुशीवर वळताना कंबरेत चमक येते. हे वर्षानुवर्षे चालते. घरात ते सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. आज ती बरीच अधिक आहे. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याविषयी एक विस्तृत राष्ट्रीय पाहणी केली. पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांशी त्यासाठी घरोघरी जाऊन बोलण्यात आले. तीत वारंवार वेदनेचा त्रास होतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक निघाले. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात ते जास्त होते. रक्तदाब किंवा मधुमेह यांबद्दल आपण जितके बोलतो, त्याच्या एक-दशांशही या वेदनेबद्दल बोलत नाही. रक्तदाबाचा आकडा यंत्रावर दिसतो, साखरेचा अहवाल कागदावर छापून येतो. वेदनेला आकडा नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक.

मराठीत ‘दुखणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वेदना म्हणजेही दुखणे आणि आजार म्हणजेही दुखणे. जो आजारी तो दुखणेकरी. उपचार न करता, कोणाला न सांगता सोसलेला आजार हा ‘अंगावर काढला’ असे आपण म्हणतो, आणि हा वाक्प्रचार बहुधा कौतुकाने वापरतो. ‘तिने सगळी दुखणी अंगावर काढली, पण कधी हूं म्हणून म्हटले नाही,’ हे वाक्य घरातील वडीलधाऱ्या बाईच्या पश्चात किती आदराने उच्चारले जाते! तिला हूं म्हणण्याची सोय आपण ठेवली होती काय, हा प्रश्न मात्र त्या आदरात बुडून जातो. सोशिकपणाचे हे कौतुक ज्याला करायचे त्याने स्वतःपुरते जरूर करावे. परंतु दुसऱ्याच्या सोसण्याचे कौतुक करण्यात, त्याच्या उपचाराची जबाबदारी टाळण्याची सोयही असते.

ही सोय एका तर्काच्या आधारावर उभी आहे. तो तर्क असा: वय झाले की सांधे झिजतात, झिजले की दुखतात, वय मागे नेता येत नाही, म्हणून दुखण्यावर उपाय नाही. मुलगा हे म्हणतो, शेजारी म्हणतात, पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. क्ष-किरणांचे चित्र उजेडावर धरून ‘आजोबा, आता गॅप कमी झाली, वयाप्रमाणे चालायचंच’ एवढे सांगितले की तपासणी संपते. ऐकणाऱ्याला यात शास्त्र दिसते, म्हणून तो गप्प बसतो. वस्तुतः यातील मधली कडीच कच्ची आहे. झीज आणि वेदना या दोन गोष्टी एकमेकींबरोबर चालतीलच असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय संकलनात, पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. त्यांतील ऐंशी वर्षांच्या व्यक्तींपैकी ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज आढळली. हे सारे लोक न दुखणारे होते, हे लक्षात घ्यावे. गुडघ्यांच्या बाबतीतही डॉक्टरांना हाच अनुभव येतो. चित्रात गुडघा पार झिजलेला दिसावा आणि माणूस बाजारहाट करून यावा. उलट चित्रात फारसे काही दिसू नये आणि माणसाला उठवू नये. झीज वयाची असेल. परंतु वेदना केवळ झिजेची नसते. ती स्नायूंच्या दुबळेपणाची असते, वजनाची असते, न लागणाऱ्या झोपेची असते, मनावरच्या ओझ्याची असते, आणि दीर्घकाळ वेदना वाहून हळव्या झालेल्या मज्जासंस्थेची असते. यांपैकी पुष्कळ गोष्टींवर सत्तरीतही इलाज चालतो.

वेदनेविषयीचे हे ज्ञान अगदी कालपरवाचे नाही. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली दाखवून दिले की, शरीरातून निघालेला वेदनेचा निरोप मेंदूकडे जसाच्या तसा पोहोचत नाही. मज्जारज्जूतच त्याला एक प्रकारचे दार लागते आणि ते दार कधी किलकिले, तर कधी सताड उघडे असते. दुखऱ्या जागी हात फिरवला की बरे वाटते, हा प्रत्येक आईला ठाऊक असलेला अनुभव त्यातून समजावून सांगता आला. त्यानंतरच्या संशोधनाने हेही स्पष्ट केले की, वेदना महिनोन् महिने टिकली तर मज्जासंस्थाच तिच्या सवयीची होते आणि मूळ इजा भरून आली तरी निरोप जातच राहतात. म्हणूनच तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यक वेगळे नाव देते. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी सूची जानेवारी २०२२ पासून अंमलात आली, तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली आहे. याचा अर्थ सरळ आहे. अशी वेदना हे दुसऱ्या कुठल्या रोगाचे केवळ लक्षण नाही. ती स्वतःच उपचारास पात्र अशी व्याधी असू शकते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणांत आणखी एक गोष्ट नमूद केली: माणूस ‘दुखते’ असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला गेला पाहिजे, आणि ज्याला बोलून सांगता येत नाही त्याला वेदना नाही असे मानता कामा नये. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीची चिडचिड, अंगाला हात लावू न देणे, जेवण टाकणे, यांकडे या दृष्टीने पाहिले तर कित्येक घरांत ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट म्हणजे न सांगता आलेले दुखणे आहे, असे दिसून येईल.

सांगता येणाऱ्यांच्या बाबतीत तरी आपण ऐकतो काय? येथे मराठी भाषेची श्रीमंती आठवते. ठणका, कळ, तिडीक, सल, चमक, उसण, शूळ, रग, ठसठस, चुणचुण, आग, मुंग्या, वांब, अवघडणे, भरून येणे असे किती शब्द! यातला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खेड्यातील अशिक्षित म्हातारीही ते नेमके वापरते. त्याच मेलझॅकने १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत ७८ शब्द २० गटांत लावलेले होते. रोग्याने निवडलेल्या शब्दांवरून वेदनेची जात ओळखावी, ही त्यामागची कल्पना. आपल्या म्हातारीने ‘तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही सोसत नाही’ असे म्हटले तर ती मज्जातंतूंच्या वेदनेचे वर्णन करीत असते आणि तिची साखर तपासली पाहिजे. ‘सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, मग मोकळी होतात’ असे कोणी म्हणाले, तर तो झिजेचा नव्हे, दाहाचा संधिवात असू शकतो. त्यावर वेगळी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होण्याचे टळते. ‘वाकून बादली उचलली आणि पाठीत काहीतरी कटकन झाले’ या वाक्यामागे ठिसूळ झालेल्या मणक्याचा अस्थिभंग असू शकतो. हे सर्व निदान शब्दांतच पडलेले असते. परंतु दवाखान्यात तीन मिनिटांच्या भेटीत ‘दुखतं ना? गोळी देतो’ एवढाच संवाद होतो आणि सर्व प्रकारच्या वेदनांना एकाच गोळीच्या दावणीला बांधले जाते.

नागिणीचे उदाहरण येथे बोलके आहे. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अद्याप गेलेली नाही. त्यामुळे पुरळ उठले की प्रथम मंत्र घालणाऱ्याचा आणि लेप लावणाऱ्याचा शोध घेतला जातो. माणूस दगावत नाही. परंतु विषाणूवरचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर आजार सौम्य होतो, हे दिवस मात्र लेपात निघून जातात. पुरळ वाळते, घरातील मंडळी निश्चिंत होतात आणि वृद्ध रोग्याच्या बरगडीवर त्यानंतर कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, निखारा ठेवल्यासारखी आग होत राहते. सदरा अंगाला लागू नये म्हणून तो चारचौघांत येत नाही. कातडीवर काहीच दिसत नसल्यामुळे त्याच्यावर विश्वास कोणी ठेवत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीतील स्त्रियांनी विहिरीचे पाणी शेंदले, पाट्यावर वाटले, जमिनीवर बसून चुलीपुढे वर्षे काढली, लागोपाठ बाळंतपणे सोसली. शहरातल्या स्त्रीने नळाच्या रांगेतून हंडे वाहिले आणि चाळीचे जिने चढले. या शरीरांचा हिशेब सत्तरीत चुकता होतो. त्यात पाळी गेल्यानंतर हाडे विरळ होतात, आणि ऊन भरपूर असलेल्या या देशातही अंगाला ऊन न लागल्याने ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. पुरुषाचे दुखणे निदान कामावरच्या रजेने तरी नोंदले जात असे; बाईच्या दुखण्याला कधी रजा नव्हती, म्हणून नोंदही नव्हती. आजही म्हातारी निवडणे-टिपणे करते, नातवंडाला बसच्या थांब्यापर्यंत सोडते, तोवर ‘आजी धडधाकट आहेत’ असेच धरले जाते. आषाढात पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपण्यासाठी तंबू लागतात. अनोळखी म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावण्यात शिकली-सवरलेली तरुण मुले धन्यता मानतात. हे दृश्य सुंदर आहे, त्यात काही ढोंग नाही. फक्त त्यांतील किती घरी आपल्या आजीचा गुडघा किती वाकतो हे कधी पाहिले जाते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

घरात विचारणा नाही आणि दवाखान्यात वेळ नाही, म्हटल्यावर उरते ते कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या वर्गातील गोळ्या आज महाराष्ट्रातील कोणत्याही गावात मिळतात. डायक्लोफिनॅक हे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा यादीतील औषध आहे. परंतु ‘ती लाल पट्टी द्या’ म्हणून पट्टी मागणारा आणि देणारा यांपैकी कोणालाच त्याची आठवण होत नाही. तरुणाने दाढदुखीसाठी दोन दिवस ही गोळी घेणे वेगळे आणि सत्तर वर्षांच्या माणसाने ती दोन वर्षे घेणे वेगळे. जठराला व्रण पडतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाचे काम मंदावते. रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक गोळी अशा तिन्ही एकत्र आल्या तर म्हाताऱ्या मूत्रपिंडावर एकदम घाला पडू शकतो. उलटीजुलाबाने अंगातील पाणी कमी झाले असेल तर धोका आणखी वाढतो. मग पुढे डायलिसिसची पाळी आल्यावर ‘शुगरमुळे झाले’ असे म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे असते.

याच डायक्लोफिनॅकची एक हकिगत या देशात घडून गेली आहे. गुरांना दिलेले हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. २००४ मध्ये हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पुढे माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात असे दिसल्यावर २०१५ मध्ये त्या कुप्यांचा आकारही कमी करण्यात आला. गिधाड आणि माणूस यांची शरीरे सारखी नव्हेत, आणि माणसांसाठी या औषधावर बंदी घाला असे कोणी म्हणणार नाही. योग्य वेळी ते उपयोगीच आहे. परंतु एका औषधाच्या मागे शासन इतक्या चिकाटीने लागू शकते, हे त्यावरून दिसते. तेच औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांसाठी या चिकाटीचा काही अंश खर्ची पडला असता तर बरे झाले असते. गुडघ्यासाठी हेच औषध मलमाच्या रूपात चोळले तर रक्तात फारच कमी उतरते आणि आराम पडू शकतो, ही साधी माहितीसुद्धा पुष्कळांना कोणी दिलेली नसते.

दुकानाच्या पलीकडे जाहिरातींचे जग आहे. तेलाची बाटली, चुंबकाचा पट्टा, ‘सात दिवसांत गुडघे तरुण’ अशी हमी. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे आणि ज्या रोगांवर इलाजाचा दावा करण्यास त्याने मनाई केली, त्यांच्या परिशिष्टात संधिवाताचे नाव आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ हा कायदा पुस्तकात आहे. तेलाने फारसे बिघडत नाही, पैसे मात्र जातात. खरा धोका त्या बिननावाच्या पुड्यांचा. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळून आले आहे. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटावा असा आराम पडतो. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे पोखरतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर जीवावर बेतू शकते. लोक अडाणी आहेत म्हणून तेथे जातात, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते जातात याचे एक कारण असे की, त्या माणसाने त्यांचे म्हणणे अर्धा तास ऐकून घेतलेले असते.

मग करावयाचे काय? गुडघ्याच्या आणि कंबरेच्या दीर्घकालीन दुखण्यावर ज्या उपायांचा पुरावा भक्कम आहे, त्यांत पहिला क्रमांक व्यायामाचा लागतो. विश्रांतीने दुखणे कमी होते, हा समज उलटा आहे. चार दिवसांच्या विश्रांतीने आराम पडेल, चार महिन्यांच्या विश्रांतीने मांडीचे स्नायू गळतील आणि गुडघ्यावरचा भार वाढेल. खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली ठेवावा. दररोज, दोन्ही पायांनी, झेपेल तितक्या वेळा. याला खर्च शून्य. वजन थोडे उतरले तरी गुडघ्याला ते जाणवते. काठी वापरण्याची लाज वाटते, ती सोडली पाहिजे. आणि काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात. आपल्याकडे दहांपैकी कितीतरी लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. हात खाली सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत मूठ यावी, एवढी तिची उंची असावी. घरात संडासाजवळ भिंतीला आडवी दांडी, बैठे भारतीय शौचकूप असेल तर त्यावर ठेवण्याची खुर्ची, ओट्याशी उंच स्टूल, पलंगाची उंची दोन विटांनी वाढवणे, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा. ही यादी ऐकताना क्षुल्लक वाटते. परंतु माणूस दिवसातून वीस वेळा उठतो-बसतो. वीस वेळा येणारी कळ दहा वेळांवर आली तर त्याचा दिवस निराळा होतो. शस्त्रक्रियेची गरज असलेले रोगीही आहेत, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आल्यापासून ती काही प्रमाणात आवाक्यात आली आहे. पण शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही, आणि तो न केल्यामुळे लाखभर रुपये खर्चूनही न वाकणारे गुडघे पुष्कळ घरांत पाहावयास मिळतात.

शासनाचा कल मात्र नेमका उलट दिशेने आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान भारतचे संरक्षण देण्यात आले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ते संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दीर्घकालीन वेदनेचा रोगी दाखल होत नाही. तो घरी असतो. त्याचा गुडघा बदलायचा झाला तर सरकार पैसे देईल. गुडघा बदलण्याची वेळ येऊ नये म्हणून फिजिओथेरपिस्टकडे महिनाभर जायचे, रिक्षाचे भाडे द्यायचे, तर ते त्याने आपल्या खिशातून द्यावे. हा खिसा केवढा? केंद्राचे वृद्धापकालीन निवृत्तिवेतन साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला महिना दोनशे रुपये आहे. महाराष्ट्रातील श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिना दीड हजार करण्यात आले. यातून आधी धान्य, मग औषध.

राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांचा दवाखाना, ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांना घरभेटी असा त्याचा आराखडा आहे. म्हणजे कल्पनेचा तुटवडा नाही. आराखडा तयार करणाऱ्यांनी घर हे उपचाराचे ठिकाण मानले होते. पण ज्या केंद्रात एकच वैद्यकीय अधिकारी लसीकरण, शवविच्छेदन, बाळंतपणे आणि बैठका यांतून वाट काढीत असतो, तेथे वृद्धांचा दिवस भिंतीवरच्या फलकावर राहतो.

केरळने याच अडचणीतून निराळा मार्ग काढला. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे एक छोटे केंद्र सुरू केले. आरंभी ते कर्करोग्यांसाठी होते. रोगी बाहेरगावाहून येतात, त्यांचे येण्यातच हाल होतात, हे पाहून कामाचा रोख घरभेटींकडे वळला. गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ मध्ये केरळने या विषयाचे धोरण जाहीर केले. ग्रामपंचायतीने परिचारिका नेमावी, तिने ठरलेल्या दिवशी घरी जावे, असे त्याचे स्वरूप. कर्करोगाबरोबरच पक्षाघात झालेले, अंथरुणाला खिळलेले, दीर्घ दुखण्याचे वृद्धही त्यात आले. महाराष्ट्रात या कामाची परंपरा तशी जुनी आहे. देशातील पहिले ‘हॉस्पिस’, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच सुरू झाले. मात्र आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे मरणाच्या दारातील कर्करोग्याची शुश्रूषा, हे समीकरण पक्के बसले. दहा-पंधरा वर्षे जगणार असलेल्या आणि ती सारी वर्षे दुखत राहणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही.

येथे एक गैरसमज होऊ नये. वेदनेविषयी बोलताना मॉर्फिनचा उल्लेख येतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कडक तरतुदींमुळे जो देश कायदेशीर अफू पिकवतो त्याच देशात कर्करोगी मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ ची दुरुस्ती त्यासाठी आवश्यकच होती. परंतु गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या जुन्या दुखण्यावर अफूजन्य औषधांचा मुक्त वापर हा उपाय नव्हे. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात तो मार्ग चोखाळला गेला, आणि व्यसन व मृत्यू यांच्या रूपाने त्या देशाने त्याची किंमत मोजली. आपल्याला हवे आहे ते याहून साधे, आणि औषधांपेक्षा माणसांवर अधिक अवलंबून असलेले.

महाराष्ट्रात ती माणसे आहेत. आशा कार्यकर्ती घरोघर जाते; रक्तदाब, साखर यांची माहिती घेते; चालताना तोल जातो काय, हे साठीवरील माणसाला विचारते. ‘तीन महिन्यांहून अधिक काळ कुठे दुखते काय, आणि त्यासाठी कोणती गोळी, किती दिवस घेता’ हे दोन प्रश्न तिने आवर्जून विचारावेत आणि उत्तरे नोंदवावीत. रोज वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांची नावे वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेली, तर त्यांची मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी करता येईल. फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. त्यांच्या प्रशिक्षणातील काही आठवडे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वृद्ध-दवाखान्यांना जोडून देण्यास मोठ्या निधीची गरज नाही. शहरांत महापालिकांच्या दवाखान्यांना तेच लागू पडते. ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रात गावोगावी आहेत, त्यांच्या सभागृहांत व्याख्याने होतात, वाढदिवस होतात. तेथे आठवड्यातून दोनदा खुर्चीवरचा व्यायाम व्हावयास हरकत नसावी. बँकांनी सत्तरीवरील ग्राहकांना घरी सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलेले आहे. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात जिना चढणारे वृद्ध अद्याप दिसतात, ते त्यांना हे कोणी सांगितलेले नसते म्हणून.

मुले परदेशी असलेल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर आईबाप खुर्चीत बसलेले दिसतात. ‘कसे आहात?’ ‘मजेत.’ खुर्चीतून उठताना ते कसे उठतात, हे पडद्यावर येत नाही, आणि मुलाला काळजी नको म्हणून ते येऊ दिलेही जात नाही. मुलाने ‘कसे आहात’ऐवजी ‘या आठवड्यात जिना किती वेळा उतरलात’ असे विचारले, तर त्याला खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीवरील गरजू वृद्धाला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा वा कंबरेचा पट्टा यांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात मिळतात. पैसे खात्यात गेले की योजनेचे काम पुरे झाले, असे कागदावर दिसते. परंतु घेतलेली काठी त्या माणसाच्या उंचीची आहे काय, ती तो कोणत्या हातात धरतो, कमोड खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर घसरतात काय, पट्टा दिवसरात्र बांधून ठेवल्याने कंबरेचे स्नायू आणखी दुबळे होत आहेत काय, हे पाहण्यासाठी कोणीतरी त्या घरी जावे लागेल. लाभार्थींच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयांत तयार आहेत. त्यांच्या प्रती आरोग्य विभागाला देऊन पहिली घरभेट त्या पत्त्यांपासून सुरू करता येईल.